दहा पावलं म्होरं

चालावं कसं, हे चाळीस वरसं मेंढरामागं हिंडलेल्या ह्या येडबाला दवाखान्यातल्या नर्सनं शिकवावं, ह्याचा मला त्या दिवशी लय राग आलता.

बानूबाई माजी बायकू. तिच्या छातीतली गाठ काढली, तवा डाव्या काखंतल्याबी गाठी काढल्या. मग किमो सुरू झाली. तिसऱ्या सलाईनीनंतर ती पार गळाली. भाकर थापता थापता भिताडाला टेकून डोळे मिटायची. "आता बास करा," म्हनली. "चौथी सलाईन मी घेत न्हाई. अंगात जीवच राह्यला न्हाई."

हे मी धम्मशीला सिस्टरला सांगितलं. ती म्हनली, "मामा, पडून राहून हा थकवा वाढतो. रोज सकाळी त्यांना चालवा. आधी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवा. एकटं सोडू नका, घरचं माणूस बाजूला पाहिजे. आणि डाव्या हातानं ओझं उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजेल."

व्हय म्हनलो. पर बाजूला? आमच्यात बाप्या म्होरं चालतो, बायकू दहा पावलं मागं. आन् कामाबिगर नुसतं चालायचं म्हंजे पारावरच्या रामकिशनच्या तोंडाला आयतंच खाद्य. मला तर इचारानंच शरम वाटली. मग मी अक्कल लढवली. बानूबाईच्या हातात घागर दिली. "कंबरंला धर. लोकास्नी वाटंल पान्याला जायलीस."

ती हासली. "रिकामी न्यायची आन् रिकामीच आनायची?"

"तुला काय जड हाय त्यात?"

असे आमी निघायचो. हापशापर्यंत जायचं आन् माघारी यायचं. खांद्यावर काठी टाकून मी म्होरं, ती मागं. आन् खोटं कशाला बोलू, गुन आला. आठव्या दिवशी तिनं दोघांच्या भाकरी एका बैठकीत केल्या. म्हनली, "बघू, चौथी घेते मी."

नवव्या दिवशी हापशावरून वळून मी घरी आलो, ती आलीच न्हाई. चहा निवला. मग माघारी गेलो तर पाराच्या पलीकडं वाटंच्या कडंला बसलेली. भरलेली घागर बाजूला. उजव्या हातानं डावा हात धरलेला.

"भरली कामून?" मी खेकसलो.

"पान्याला आलेल्या सरजाबाईनं इचारलं हापशावर. रोज रिकामी घागर कुठं हिंडवतीस म्हनली. काय सांगू? तुमची शोभा व्हईल म्हनून भरली. आदतीनं डाव्या कडंला घेतली."

सांजच्याला हात टम्म सुजला. दवाखान्यात सिस्टरनं त्या हातातल्या बांगड्या वाढवल्या, पट्टी गुंडाळली आन् इचारलं, "ओझं कुणी उचलायला लावलं?"

"मीच उचललं," बानूबाई म्हनली. "मलाच अक्कल न्हाई."

मी तिथंच हुबा व्हतो. तोंड उघडलं न्हाई. कळपात एक मेंढरू लंगडत असलं तर मी मागं राहतो, समदा कळप त्याच्या चालीनं नेतो. लईच थकलं तर भर बाजारातनं खांद्यावर आनलंय, कंदी लाज वाटली न्हाई. बायकूसाठी वाटली. थू माज्या इज्जतीवर.

घरी आल्यावर ती भिताडाकडं तोंड करून निजली. "चौथी न्हाई आन् चालायचंबी न्हाई," म्हनली.

सूज उतरली तसं एका सकाळी मी घागर पालथी घातली आन् तिला उठवलं. आढेवेढे घेत उठली. दारातनं भाईर पडल्यावर आदतीनं थांबली, मी म्होरं व्हावं म्हनून. मीबी थांबलो.

"व्हा की म्होरं."

"न्हाई."

तिच्या डाव्या अंगाला चालाय लागलो. पारावरनं रामकिशननं इचारलंच, "येडबा, जोडीनं कुठं?"

"बायकूला चालवायलोय," म्हनलो. कान तापले, पर पाय थांबू दिले न्हाईत.

पार मागं पडल्यावर बानूबाई हळूच बोलली. "त्या दिशी ह्याच जागी हात ठनकाय लागला. मी तुमाला दोनदा हाक मारली."

ऐकू आली का, हे तिनं इचारलं न्हाई. खोटं बोलायला वाव व्हता. तिनंच दिलता.

"ऐकू आलती," मी म्हनलो. "पारावर समदे बसलेले. मी वळलो न्हाई."

"ठाऊक हाय मला. तुमचं पाऊल अडलंतं."

मला वाटलं आता ती माघारी फिरंल. पर ती चालत राह्यली, आन् तिच्या चालीनं मी. हापसा आला तवा दम खायला कट्ट्यावर टेकली.

"चौथ्या सलाईनीला आत माज्याजवळ बसायचं," म्हनली. "आधीच्यावानी भाईर तंबाखू मळत न्हाई."

मीबी कट्ट्यावर तिच्याजवळ टेकलो.