पेटीला दम लागत नाही

मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे हां मित्रांनो, भजनाला साथ करायची! गोवा मुक्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी सावंतवाडीच्या एका कारागिरानं मला सागवानातून घडवलं आणि पेडण्याजवळच्या एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, शिवदासबुवांच्या घरी मी आले. दसऱ्याला मला हळदकुंकू, झेंडूची माळ. लोक म्हणायचे, "बुवांची पेटी बोलता!" ऐकून मी फुगायचे. भाता आहे ना मला, फुगणं हा माझा धंदाच.

बुवा अभंग-गवळणींना नव्या चाली लावत. पण त्यांना एक खोड होती. ओळ आधी गुणगुणून बघायची सोडून ते थेट माझ्या पट्ट्यांवर बोटं टाकायचे. बोटं पळतील तिकडे चाल पळायची. मलाही त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू?

पुढे वाड्यावर बायकांचं भजनी मंडळ निघालं. मुख्य गाणारी चंद्रावती. शेतात भाताची लावणी करताना ती गायला लागली की बांधावरून जाणारी माणसं थांबायची. डिचोलीच्या एका स्पर्धेसाठी बुवांनी तिला नवी गवळण दिली. चाल वरच्या 'सा'पर्यंत चढायची आणि तिथंच गरगरत राहायची. मध्ये श्वासाला जागाच नाही.

"बुवा, हांगा दम खंय घेवचो?" तिनं विचारलं.

"पेटीक जमता गे, तुका कित्याक जमना?"

अरे देवा! मला कुठे फुप्फुसं आहेत? भाता हलवला की झालं. ती बिचारी मान खाली घालून पुन्हा गायला लागली. घसा बसला तरी रोज माझ्यासमोर येऊन बसायची. मी आपली ठणठणीत. तिला माझा दाखला दिला जात होता, याची मला मेलीला लाज वाटायची.

स्पर्धेत दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फाटला. मंडप माणसांनी भरलेला. मी मात्र अगदी सुरात वाजतच होते. चंद्रावती पदरानं तोंड झाकून उठली. पुढे डॉक्टरांनी घसा बरा झाल्याचं सांगितलं, तरी ती गाईना. भजनाला नाही, शेतातसुद्धा नाही.

बुवांना जेवण गोड लागेना. एका सकाळी मला उचलून ते तिच्या सोप्यावर गेले.

"चंद्रावती, चूक माझी. आतां तू म्हण, हांव मागसून येतां."

तिनं माझ्याकडे बोट केलं. मग हळूच म्हणाली, "बुवा, ही पेटी बंद करा. हिचें माका भंय दिसता."

माझं! भजनाच्या पेटीचं भय! बुवांनी झाकण लावलं. आतून मी ऐकत होते. आधी नुसतं हुं हुं. मग अर्धी ओळ. जिथं तिचा दम संपला तिथं ती थांबली, आणि थांबली तिथंच चाल वळली. किती सोपी, किती गोड! बुवांनी नाक ओढल्याचं मला ऐकू आलं.

मित्रांनो, उंदरांपासून, वाळवीपासून मला जपाल तर उपकार होतील. पण गाण्याला चाल शोधायला बसाल, तेव्हा आधी मला मिटून ठेवा आणि गाणाऱ्याला गाऊ द्या. चंद्रावती आता पुन्हा भजनात गाते. तिच्या गवळणीला साथ फक्त टाळांची. तेवढा वेळ बुवा माझं झाकण लावून ठेवतात, आणि मला ते रास्त वाटतं.