एक उरलं तर दोन

"एकच उरलंय? मग दोन घालते," असं म्हणत रेनिकेने नवऱ्याच्या ताटलीत चवळीची आणखी दोन गरम भजी टाकली.

फासान्याचा हात पेजेच्या वाडग्यावर तसाच थांबला. ताटलीतल्या आधीच्या एकट्या भज्याकडे तो असा बघत राहिला, जसं काही ते आता तोंड उघडून त्याची चहाडी करणार होतं.

"काय झालं? कच्ची राहिली का?"

फासान्या उठला. मग बसला. परत उठला आणि पायात असलेली चप्पल घरभर शोधू लागला.

फासान्या म्हणजे ओके-अजे गावचा, भविष्य सांगणाऱ्या इफा देवाचा पुजारी. पन्नास वर्षं लोक त्याच्या चटईसमोर बसून आपलं नशीब विचारत आले होते. तो श्लोक म्हणू लागला की ऐकायला शेजारच्या गावातली एक आंधळी कोंबडी रस्ता ओलांडून यायची, असं आजही शपथेवर सांगतात. कोंबडी खरंच आंधळी होती का, याबद्दल दोन मतं आहेत. ती यायची याबद्दल नाहीत.

त्याची विद्या सोळा बियांची. पामच्या सोळा बिया डाव्या तळहातावर घ्यायच्या आणि उजव्या हाताने झडप घालून उचलायच्या. डाव्या हातात एक उरली, तर फळीवरच्या भुकटीत बोटाने दोन रेघा. दोन उरल्या, तर एक रेघ. उलटं का, ते विचारायचं नसतं. गुरू पहिल्याच दिवशी कान पिरगळून ते आत घालतो. अशा आठ खुणा झाल्या की एक ओडू होतो. ओडू दोनशे छप्पन्न, आणि प्रत्येकाचे श्लोक वेगळे. एक रेघ इकडची तिकडे झाली, की माणसाच्या आयुष्याचा अर्थच बदलतो.

पाच दिवसांपूर्वी सुके मासे विकणारी अबेनी आपल्या मुलीच्या, अयोकाच्या लग्नाचं विचारायला आली होती. सात खुणा झाल्या. आठवीच्या वेळी एक बकरी अंगणात घुसली आणि इफापुढे नैवेद्य म्हणून ठेवलेल्या कोलाच्या फळाला तिने तोंड लावलं. फासान्याने तिला हुसकावलं, आणि हुसकावता हुसकावता रेघ ओढली. आता, भज्यांकडे बघताना, त्याला डाव्या तळहातावर उरलेली पामची बी दिसत होती. एकटी. आणि बोटाने ओढलेली रेघ दिसत होती. तीही एकटी.

त्या ओडूवरून त्याने सांगून टाकलं होतं, की या दारातून आत गेलेली मुलगी हसत बाहेर येणार नाही. झालं. नवऱ्या मुलाकडून मागणीचे म्हणून आलेले बेचाळीस कंद परत गेले, कापड परत गेलं. आणि आज दुपारच्या गाडीने अयोका इलोरिनला मावशीकडे निघाली होती, कायमची.

भुकटी तर त्याच दिवशी पुसली गेली होती. साक्षीदार म्हणाल तर एक बकरी.

त्याने बायकोला सगळं सांगितलं. रेनिकेने हातातला झारा खाली ठेवला.

"खात्री आहे?"

"नाही."

"मग गप्प बसा. खात्री नाही तर चूकही नाही."

"खात्री नसताना पाच दिवसांपूर्वी खात्रीने बोललो ना. तीच तर चूक."

रेनिकेने झारा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "अवोडेले हसेल."

अवोडेले हा वरच्या आळीचा पुजारी. वयाने वीस वर्षांनी लहान, आणि गेली दहा वर्षं फासान्याच्या जागेकडे डोळे लावून बसलेला.

"हसू दे. त्याचे दात कधी बघितले नाहीत मी," म्हणून फासान्या टोपी चढवून निघाला. टोपी उलटी होती. रेनिकेने फाटकापर्यंत मागे जाऊन ती सरळ केली.

अबेनीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हाताऱ्याचे पाय चालायचे, पण मन पुढे पळायचं आणि पायांना शिव्या घालायचं. अर्ध्या वाटेत मागून एक मोटरसायकल येऊन थांबली. भाड्याने माणसं नेणारा पोरगा होता. फासान्या मागे बसला, आणि बसल्यावर त्याला समोरची मान ओळखू आली. लाडेजो. ज्याचे बेचाळीस कंद परत गेले तो.

आता बोला.

फासान्याने तिथेच बोलायला सुरुवात केली. वाऱ्यात आणि इंजिनाच्या फटफटीत त्याने बिया सांगितल्या, रेघा सांगितल्या, सगळं सांगितलं. लाडेजोने मान थोडी मागे वळवली.

"बकरी हरवली का बाबा? बघत जाऊ वाटेत."

फासान्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणखी मोठ्याने. नेमकी तेव्हाच चिखलाच्या खड्ड्यात गाडी बंद पडली, आणि त्या शांततेत म्हाताऱ्याचं वाक्य रस्त्याकडेच्या पाच दुकानांनी ऐकलं: "तुझं लग्न मी मोडलं, लाडेजो, चुकून."

लाडेजोने खाली उतरून गाडी खड्ड्यातून बाहेर ओढली. चिडला असता तर बरं झालं असतं, असं फासान्याला वाटलं.

"घट्ट धरा बाबा," तो शेवटी म्हणाला.

त्यानंतर ती गाडी अशी सुटली, की फासान्याची टोपी दोन दिवसांनी तिसऱ्या गावच्या आंब्यावर सापडली.

अबेनी धुराच्या चुलीवर काठीने मासे उलटत होती. दाराशी अयोकाची बांधलेली पिशवी, आणि पिशवीवर अयोका, डोळे सुजलेली. फासान्या बोडक्या डोक्याने अंगणात उभा राहिला आणि शेजारणी कुंपणाशी जमायची वाट न बघता बोलून मोकळा झाला. त्या जमल्याच.

अबेनी हातातली काठी तशीच धरून उभी राहिली. "पाच दिवस माझ्या पोरीच्या गळ्याखाली घास उतरला नाही. आणि तुम्ही बकरीचं नाव सांगता?"

"बकरीनं फक्त कोला खाल्ला, अयोकाची आई. रेघ मी ओढली."

"मग आत्ता परत बघा. हिची गाडी सुटायच्या आत."

फासान्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग ते पाठीमागे नेले.

"माझ्या हाताला आता काय यावं ते आधीच ठाऊक आहे. असल्या हातात बिया धरत नाहीत. अवोडेलेला बोलवा."

कुंपणाशी कुजबुज झाली. फासान्याकडे आलेल्या प्रश्नावर अवोडेले बसला, की पुढच्या सणाला चटईवरची मानाची जागा कोणाची, हे सगळ्या गावाला समजत होतं. फासान्याला तर सगळ्यांत आधी.

"आणि त्यांनीही नाहीच म्हटलं तर?" अयोकाने विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली.

"माहीत नाही, पोरी."

पन्नास वर्षांत त्या आळीने त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

लाडेजोच अवोडेलेला घेऊन आला. पांढरेशुभ्र कपडे, मनगटात हिरवे-पिवळे मणी, चेहरा कडक. तो हसला नाही. चटई अंथरली गेली. तिच्या वरच्या टोकाला अवोडेले बसला. खालच्या टोकाला, जिथे नवीन शिकणारे बसतात आणि श्लोकाच्या प्रत्येक ओळीला हुंकार देतात, तिथे फासान्या बसला. कोणी सांगितलं नव्हतं.

बिया खळखळल्या. एक रेघ, दोन रेघा. फासान्याने बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे कोणाचं ऐकतात? आठवी खूण पडली. त्याचा चुकलेला ओडू आला नाही. मनात शंभर वेळा दुरुस्त केलेलाही आला नाही. तिसराच आला.

अवोडेले श्लोक म्हणू लागला. आवाज चांगला होता. सहा ओळी झाल्या, सहा हुंकार झाले. सातव्या ओळीला अवोडेले थांबला.

त्याचे ओठ हलत होते, पण ओळ येत नव्हती. ती ओळ फासान्याला आपल्या उरलेल्या दातांइतकी पाठ होती. त्याच ओळीत वधूच्या डोक्यावरची घागर नवऱ्याच्या दारात सुखरूप उतरते, म्हणजे लग्नाला होकार. अयोका अवोडेलेच्या ओठांकडे बघत होती. अबेनीची काठी हवेत थांबली होती. कुंपणाशी एकीने दुसरीला कोपर मारलं. आणखी एक क्षण गेला असता, तर या दुसऱ्या पुजाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवला नसता. आणि ओळ फासान्याने सांगितली असती, तर गावाने अवोडेलेला ते जन्मभर विसरू दिलं नसतं.

फासान्याने डोळे मिटले आणि हुंकार दिला. जणू ओळ म्हटली गेली होती आणि तीच इतकी भारी होती की मागाहून पोहोचत होती. त्याने तो लांबवला, छातीत घुमवला. शेजारणींनी सवयीने त्यात आपला सूर मिसळला, अबेनीनेही. त्या हुंकाराच्या आडोशाला अवोडेलेला ओळ सापडली. घागर उतरली. अयोकाने पिशवीवरून उठून तोंड ओंजळीत लपवलं.

अवोडेले पुढची ओळ म्हणाला. म्हणताना एकदा खालच्या टोकाकडे त्याची नजर गेली.

फासान्याने मान खाली घातली होती. ओळ संपल्यावर त्याने पुन्हा हुंकार दिला, या वेळी लहानसा, धाकट्याने द्यावा तेवढाच.