लाल बटणाचं कपाट

शाळेच्या फाटकात सकाळी दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. एक शिपाईमामांची घंटा आणि दुसरी मोजपट्टीबाईंची नजर. घंटा अधूनमधून मिनिटभर मागेपुढे व्हायची, पण नजर कधीच झाली नाही.

बाई शाळेच्या पर्यवेक्षिका. हातात कायम एक लाकडी पट्टी. ती मारायला नव्हे, मोजायला. गुडघ्याखाली ट्युनिक किती उतरलाय, टायची गाठ गळ्यापासून किती ढळलीये, हे त्या पट्टीशिवायही सांगू शकत, पण पट्टी हातात असली की पोरं आपोआप सरळ चालतात असा त्यांचा अनुभव होता. मोजपट्टी हे नाव पोरांनीच ठेवलं आणि ते इतकं रुळलं, की एकदा एका नव्या पालकाने ऑफिसात येऊन भाबडेपणाने विचारलं, मोजपट्टीबाई कुठे भेटतील? बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, मीच ती. बिचाऱ्याला नंतर पाण्याचा ग्लाससुद्धा नीट धरता येईना.

गणवेशाच्या बाबतीत बाई कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. दर पालकसभेत त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "गणवेश कशासाठी? तर रांगेत कोण कुणाचं, ते कळू नये म्हणून." हे त्या अगदी मनापासून म्हणत. भपकेबाज बूट घालून येणाऱ्या पोराला आणि विटका शर्ट घालून येणाऱ्या पोराला त्या सारख्याच जोरात झापत.

आता कुणाला वाटेल, बाई म्हणजे नुसता दगड. तसं नव्हतं. तिसऱ्यांदा गणवेशात चूक दिसली तर मुलाला घरी पाठवायचं, असा मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा नियम होता. तो मोजपट्टीबाईंना मनातून टोचायचा. पोर घरी गेलं की त्याचा दिवस बुडतो, आणि घरी कुणी असेलच याचा भरवसा नाही. म्हणून त्यांनी आपल्या खोलीत एक कपाट भरलं. मोठ्या झालेल्या मुलांचे लहान पडलेले कपडे गोळा करायचे, घरी नेऊन धुवायचे, उसवलेलं शिवायचं. इस्त्री त्यांचे निवृत्त यजमान करायचे. "नोकरी हिची आणि बिनपगारी ड्यूटी माझी," असं ते येईल त्याला सांगत. गणवेश नसलेल्या मुलाने कपाटातला घालायचा, तासाला बसायचं आणि नंतर आणून द्यायचा. कारण विचारायचं नाही, हा बाईंचा स्वतःचा नियम.

फक्त एक भानगड व्हायची. कपडे परत येत नसत. कुणी विसरे, कुणाचे इतरांच्या कपड्यांत मिसळून जात. मग बाईंनी डोकं चालवलं. कपाटातल्या प्रत्येक ट्युनिकच्या डाव्या खांद्यावरचं पांढरं बटण काढून तिथे लाल लावलं, आणि शर्टाचं वरून दुसरं. तेव्हापासून एकही कपडा हरवला नाही. उलट दुसऱ्याच दिवशी घडी घालून टेबलावर हजर. ही युक्ती आपल्याला सुचली याचं बाईंना आतल्या आत कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्या फारसं आत ठेवतही नसत.

आठवीत एक मुलगी होती. पहिलीत आली तेव्हा एवढीशी होती म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे, आणि अजूनही तेच म्हणत. पण गेल्या वर्षभरात ही चिमणी तरातरा वाढली होती. ट्युनिक गुडघ्याच्या वर गेला होता. पहिल्यांदा बाईंनी पट्टी लावून सांगितलं, दुसऱ्यांदा डोळे मोठे करून. पोरगी मान खाली घालून हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तोच ट्युनिक खाली ओढत ओढत यायची. फाटकात तर ती चक्क गुडघे वाकवून चालायची.

तिसऱ्यांदा बाईंनी तिला फाटकातच थांबवलं. तरीही आवाज मऊ ठेवून म्हणाल्या, "चल, कपाटातला देते. तुझ्या मापाचा आहे."

"नको, बाई."

"अगं, धुतलेला आहे. आमच्या घरी धुतलेला."

"नको, बाई. मी घरी जाते."

मागे मुलांची रांग खोळंबली होती. एवढं जीव तोडून करायचं आणि वर ही नखरे करणार, या विचाराने बाईंचं डोकं फिरलं. जा मग, असं त्या बोलून गेल्या. मुलगी खरंच गेली. दप्तर मागे लटकवून, ट्युनिकचा घेर दोन्ही हातांनी खाली धरून. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि त्या आठवड्यात नंतर कधीच आली नाही.

वर्गशिक्षिकेने घरी फोन केला तर पोट दुखतंय असं उत्तर आलं. बाईंना ते पोट पटलं नाही. आठवीतली मुलगी एकदा घरी बसायला शिकली की तिला परत वर्गात आणणं किती जड जातं, हे त्यांनी दोनतीनदा पाहिलं होतं. त्यातली एक मुलगी आता नाक्यावरच्या दुकानात काउंटरवर दिसायची आणि बाई दिसल्या की आत जायची. त्या आठवणीने बाईंना घास गोड लागेना. शेवटी शनिवारी दुपारी त्यांनी कपाटातला एक लांब ट्युनिक पिशवीत घातला आणि पत्ता विचारत मुलीचं घर गाठलं.

दोन खोल्यांचं घर. दाराशी वडिलांची डिलिव्हरी व्हॅन उभी होती. वडील ड्रायव्हर, बोलायला मोकळा माणूस. बाईंना पाहून तो इतका गडबडला की त्याने खुर्ची आधी टॉवेलने पुसली आणि मग त्याच टॉवेलने स्वतःचा चेहरा. मुलीची आई कित्येक महिने आपल्या आजारी आईपाशी गावी होती, घरात बापलेक दोघंच. रोज सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत मीच सोडून कामाला जातो आणि शाळा सुटली की मीच न्यायला येतो, असं त्याने अभिमानाने सांगितलं. आता आमच्या चिमणीचं पोट बरं झालं की सोमवारपासून पाठवतो.

चिमणी आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. अंगावर आईचा गाऊन, आणि तो तिला आखूडच होत होता.

बाईंनी विषय काढला. पोटाचं राहू दे, ट्युनिकचं काय, असं विचारलं. वडिलांना काही कळेना. ट्युनिक तर नवाच आहे, त्यांनी सांगितलं. शाळा सुरू होताना ते स्वतः दुकानात गेले होते. माप बायकोला विचारायला नको, ती आधीच काळजीत, म्हणून मागच्या वर्षीच्या ट्युनिकच्या गळ्याला आतून जो आकडा होता तोच सांगून घेऊन आले. घरी आणला तेव्हा पोरगी किती खूश झाली होती, हेही त्यांनी सांगितलं.

 इतके दिवस बाई धरून चालल्या होत्या की घरची ओढाताण असेल. ओढाताण नव्हतीच. फक्त बापाला मुलगी वाढलेली दिसली नव्हती. आणि दिसणार तरी कशी? सकाळी ती व्हॅनमध्ये त्याच्या शेजारी बसलेली, रात्री जेवताना समोर बसलेली. बसलेल्या माणसाची उंची कुणाच्या लक्षात येते?

"मग कपाटातला का नाही घेतलास?" त्यांनी चौकटीकडे पाहून विचारलं. पिशवीतून ट्युनिक काढून मांडीवर पसरला. "बघ, अगदी तुझ्या मापाचा. कारण विचारत नाही मी कुणाला. गणवेश कशासाठी असतो? रांगेत कोण कुणाचं ते…"

वाक्य पुरं झालं नाही. हात ट्युनिकच्या डाव्या खांद्यावर होता आणि अंगठ्याखाली लाल बटण होतं.

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ते घातलं की सगळ्यांना कळतं. मधल्या सुट्टीत मुलं मोजतात, आज किती लालबटणे आलेत ते. म्हणून तर सगळे दुसऱ्या दिवशी लगेच परत करतात." मग वडिलांकडे न बघता, "आणि शाळा सुटताना बाबा फाटकात असतात ना. त्यांनी पाहिलं असतं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाईंना वाटायचं, मुलं शिस्तीने कपडे परत करतात. मुलं ते अंगावरून केव्हा एकदा उतरवतो असं होऊन परत करत होती. दहा फुटांवरून सैल गाठ दिसणाऱ्या डोळ्यांना आपणच शिवलेलं बटण दिसलं नव्हतं. बाईंना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

ड्रायव्हर मात्र बटणाकडे बघतच नव्हता. तो लेकीकडे बघत होता. "इकडे ये," म्हणाला. ती आली. तो उठून तिच्या शेजारी उभा राहिला. तिचं डोकं त्याच्या कानाला लागलं.

"एवढी कधी झालीस गं?" त्याने विचारलं. "सांगायचं नाही होय?"

"तुम्ही एवढ्या हौसेने आणला होता," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

बाईंनी ते रडू ओसरू दिलं.  मग त्यांनी सुईदोरा मागितला. वडिलांनी बायकोचा शिवणाचा डबा शोधायला घर पालथं घातलं, तो मुलीने टीव्हीमागून काढून दिला. बाईंनी तिचा आखूड ट्युनिक मागून घेतला, त्याच्या खांद्यावरचं पांढरं बटण कापलं आणि लांब ट्युनिकवर लावलं. लाल बटण पर्समध्ये टाकलं. दुकानातून नवा येईपर्यंत हा घाल, आणि नवा आला तरी हा परत द्यायची घाई नाही, असं म्हणाल्या. गुडघा मात्र झाकलेला हवा, ते माफ नाही.

निघताना ड्रायव्हरने आखूड ट्युनिक घडी घालून त्यांच्या हातात दिला. "हा कपाटात ठेवा. कोरा आहे जवळजवळ. कुणा लहानीला होईल." देताना त्याची मान ताठ होती. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

रविवारी बाईंनी कपाटातले सगळे कपडे घरी मागवून घेतले. यजमान चष्मा लावून शेजारी बसले आणि लाल बटणं कापू लागले. आता हे परत कसे येणार, त्यांनी विचारलं. काही येणार नाहीत, बाई म्हणाल्या. मग कपाट रिकामं होईल. होऊ दे, पुन्हा भरू. यजमानांनी मुकाट्याने पुढचा शर्ट ओढला. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे वाद घालायचा नाही, तेवढं ते शिकले होते.

सोमवारी सकाळी त्या आधी मोठ्या बाईंकडे गेल्या आणि सांगून टाकलं. गणवेशाची तपासणी आता फाटकात होणार नाही. वर्गात, एकेकाला बाजूला घेऊन होईल. आणि आधी घरी फोन केल्याशिवाय कुणाला परत पाठवायचं नाही. मोठ्या बाईंनी विचारलं, शिस्त ढिली होणार नाही ना? मी असताना? असं मोजपट्टीबाईंनी उलट विचारलं, आणि विषय तिथेच मिटला.

फाटकात त्या सवयीने उभ्या राहिल्याच. मुलं लोंढ्याने आत आली. बाईंची नजर चिमणीला शोधत होती. रोज ती नजर बरोबर जाऊन अडकायची, वर चढलेल्या घेराशी, वाकवलेल्या गुडघ्यांशी. आज ती कुठेच अडकेना. घंटा झाली, मैदानावर रांगा लागल्या, प्रार्थना सुरू झाली. आठवीच्या रांगेवरून बाईंनी पुन्हा पुन्हा डोळे फिरवले. निळे ट्युनिक, पांढरी बटणं, रिबिनी, पाठमोऱ्या वेण्या. मुलगी दिसेना.  आली नाही म्हणजे गेलीच हातची.

रांगा वर्गांकडे वळल्या तशा त्या तरातरा फाटकापाशी आल्या आणि शिपाईमामांना विचारलं, चिमणीच्या बाबांची व्हॅन आली होती का हो सकाळी?

"आली की," मामा म्हणाले. "पोरगी उतरली, बापाला टाटा केला आणि तुमच्या अगदी पुढ्यातून आत गेली. तुम्हाला नमस्तेसुद्धा म्हणाली. दिसली नाही?"

बाईंनी मान हलवली. पट्टी नुसतीच या हातातून त्या हातात घेतली.

मामांनी त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे काळजीने पाहिलं. "चष्म्याचा नंबर वाढला असेल, बाई."

"वाढू दे," बाई म्हणाल्या.