दुसऱ्या वळणावरची माती

मी दाताळं बोलतंय. लाकडी दांड्याचं, लोखंडी दातांचं. पण पालापाचोळा गोळा करणारं नव्हे हं! माझं आयुष्य थॉर्नबीच्या स्पीडवे मैदानात गेलं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

शनिवारी संध्याकाळी चार-चार मोटरसायकली सुटायच्या. त्यांना ब्रेक नसतात, बरं का. वळणावर गाडी आडवी घालायची आणि लाल माती उडवत निघायचं. ती माती थेट कठड्यापलीकडच्या लोकांच्या अंगावर. लोक चिडायचे म्हणता? छे, त्याच जागेसाठी भांडायचे. चार शर्यती झाल्या की मैदान सांभाळणारा वॉल्टर मला घेऊन निघायचा आणि बाहेर गेलेली माती आम्ही आत ओढायचो.

दुसऱ्या वळणावर कठड्यापलीकडे हॅरल्ड आणि त्याची बायको बेरिल ठरलेले.

"वॉल्टर, माती ओढतोयस की गोंजारतोयस?" हॅरल्ड म्हणायचा.

"तू ये आत, दाखव ओढून."

"मी आलो तर तुझी नोकरी जाईल, बाबा."

मग हॅरल्ड गेला. त्याची राख त्याच वळणावर पसरली. आमच्याकडे तशी रीतच होती. पुढच्या शनिवारी त्यावरून गाड्या गेल्या आणि मागोमाग आम्ही. तेव्हा कुणाच्या काही ध्यानात आलं नाही, असं मला वाटलं. बेरिल मात्र नऊ वर्षं त्याच जागी एकटी उभी राहिली.

पुढे मैदान विकलं गेलं. तिथं घरं होणार होती. शेवटच्या सकाळी बेरिल बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आली.

"माझा नवरा दे, वॉल्टर. त्याच्यावर कुणाचं न्हाणीघर नको."

वॉल्टरनं नेमक्या त्या जागी मला टेकवलं. हॅरल्ड तिथं कुठला? मीच त्याला कणाकणानं मैदानभर फिरवलं होतं. पण मला दात दिले, जीभ दिली नाही.

"हा घे. इथंच आहे," वॉल्टर खाली बघत म्हणाला.

"खोटं नको बोलूस. दर शनिवारी तू त्याला ओढून न्यायचास, मी बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तो मजेत होता रे."

वॉल्टर रडला. बेरिलनं डब्याचं झाकण लावलं. "मातीचं राहू दे. हे दाताळं दे मला."

पाच वर्षं मी तिच्या परसातल्या खोपटात होतं तसंच उभं होतं. माझ्या दातांत वाळलेली लाल माती तिनं कधी काढू दिली नाही. आता मैदानावर घरं आहेत, दारांत गाड्या आहेत. तेवढी माती सोडली तर तिथलं काही उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात बेरिलही गेली. तिची भाची घर आवरतेय. पोर गुणाची आहे, टापटिपीची. आत्ताच तिनं मला अंगणातल्या नळाशी आणून ठेवलंय. "किती घाण झालंय हे. धुऊन कुणाला तरी देऊन टाकू," म्हणाली.

तिनं नळी जोडलीय. कुणीतरी तिला थांबवा हो. मला बोलता येत नाही.