झऱ्यावरचं थान

लाडकीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. तिचे वडील, बोरिवलीच्या जंगलालगतच्या पाड्यावरचे भगत, अंथरुणाला खिळले होते. अग्नी, वारा, माती यांच्या थानांना, म्हणजे देवाच्या जागांना, राखणदार मिळाले होते. झऱ्यावरचं पाण्याचं थान तुम्ही सांभाळाल का, असं तिनं विचारलं होतं. शब्द दिला की मरेपर्यंत सुटका नसते. माझ्यानं ते निभेल का, या भीतीनं मी शब्द न देताच जाऊन थानाच्या दगडावर पाणी घालायचो.

भगतांना कळलंच. म्हणाले, "चोरून कसली सेवा रे, मास्तर? शब्द नाही तर ते नुसतं पाणी."

काल भगत गेले. राखणदार नाही म्हणून येत्या होळीला तो दगड पुरणार, असं लाडकीनं सांगितलं. घरी येऊन तिच्या पत्राला उत्तर लिहिलं, "दगड पुरू नका, शब्द देतो," आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.