सपाट दगडावरचा वस्तरा

मी वस्तरा बोलतोय. हो, तोच. माझ्यापुढे भलेभले मान वर करून गप्प बसतात!

लोहाराने मला अगदी सरळ घडवलं होतं. पुढे चाळीस वर्षं एका न्हाव्याने मला एकाच दगडावर धार लावली. दगड मधे खोल होत गेला आणि तसतशी माझी धार मधे फुगत गेली. आमचं दोघांचं छान जमलं होतं.

मग मालकांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, दुकान बंद पडलं. त्यांच्या लेकीने चंगच बांधला, "बाबा, दुकान मी चालवणार."

"आधी याच वस्तऱ्याने माझी दाढी करून दाखव," मालक खाटेवरून म्हणाले. "मग बोलू."

तिने पहिलं काम काय केलं असेल? वडिलांचा दगड झिजलाय म्हणून पॉलिश पेपरवर घासघासून तो सपाट केला! चांगल्या मनाने केलं हो, पण माझी पंचाईत झाली. आता माझा फक्त मधला भाग दगडाला टेकायचा. टोक आणि मुठीकडची बाजू अधांतरी, म्हणून बोथट. मालकांच्या जबड्याखाली मी केस ओढले, तिने जोर दिला आणि रक्त आलं.

"झालं समाधान?" मालकांनी तोंड फिरवलं.

"नाही झालं. चूक कुठे आहे ते तरी कळू दे!"

तिने माझ्या धारेवर मार्करची काळी शाई फासली आणि मला दगडावरून एकदाच हलकं फिरवलं. मधली शाई गेली, दोन्हीकडची तशीच. दाबून पाहिलं, तरी तेच. दाबल्याने मी सरळ होतो असं माणसांना का वाटतं, देव जाणे. शेवटी ती मला आणि दगडाला घेऊन वडिलांपुढे बसली.

मालकांनी डाव्या हाताने दगड चाचपला. "अगं, यातला खड्डा कुठे गेला?"

"मी काढला."

मालक आजारपणात पहिल्यांदाच खो खो हसले. "माझी चाळीस वर्षं एका दुपारी घासून टाकलीस की गं!"

तिला रडूच कोसळलं.

"रडतेस काय? दगडातलं वळण गेलं, तर ते मनगटात आण. आधी मुठीकडची बाजू टेकव, सरकताना हात वळव, शेवटी टोक. आणि दाबू नकोस!"

आठ दिवस तिने दुसरं काही केलं नाही. शाई लावायची, फिरवायचं, बघायचं. नवव्या दिवशी शाई या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली गेली. मला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून ती पुन्हा वडिलांकडे गेली.

दाढी झाल्यावर मालकांनी गालावरून हात फिरवला. "हनुवटीखाली दोन केस राहिलेत."

तिचा चेहरा पडला.

"रक्त नाही आलं पण. उद्या मला दुकानात ने, तिथे काढ. रांगेत बसवलंस तरी चालेल."

आता मी तिचा आहे. माझं फुगलेलं पोट काही जायचं नाही आणि मला त्याची लाजही नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. हात जरासा वळवा. तो अजून कामाचा आहे.