थोरलीची बाजू

लेखिकेने कप खाली ठेवला, साखर मागायला तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसती हवा बाहेर आली. तिने खाकरून पाहिलं, कोमट पाण्याचा घोट घेतला, पुन्हा प्रयत्न केला. फुंकर मारल्यासारखा आवाज झाला, एवढंच.

ओट्यापाशी उभी असलेली तिची थोरली बहीण वळली. धाकटीचा चेहरा तिने नीट न्याहाळला आणि गॅस बंद केला.

"घसा बसला," ती म्हणाली. "अजून पोहा गार पाण्यात. आणि ओल्या केसांनी गच्चीत बसा गप्पा मारत. केस पांढरे व्हायला लागले तुझे बारके, अक्कल कधी येणार?"

बारकी चाळिशी ओलांडून गेली होती. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या सहा कादंबऱ्या तिच्या नावावर होत्या, पुस्तकांवर तिचं पूर्ण नाव ठळक छापलेलं असायचं. घरात मात्र ती बारकीच होती, आणि थोरली ताई.

बारकीचं वर्ष ऋतूंप्रमाणे चालायचं. थंडीचे महिने शाळांचे. कधी हे गाव, कधी ते, गळ्याभोवती लोकरीचा रुमाल, पिशवीत पुस्तकं, आणि कुठल्या तरी सभागृहात समोर बसलेली, एकमेकांना कोपरं मारणारी मुलं. उन्हाळा लिहिण्याचा. खिडकीखालचं टेबल, बशीत कापलेली फळं, आणि दुपारी पानांवर पडलेल्या रसाच्या डागांवरून प्रकाशकाशी होणारे वाद. पानगळीत ती लांब लांब फिरायला जायची आणि त्याला काम म्हणायची. या सगळ्यात तिचा सगळ्यात लाडका दिवस म्हणजे थंडी ओसरू लागल्यावरचा पहिला उबदार दिवस. त्या दिवशी ती कुठेही असली तरी जवळचं तळं शोधून त्यात उडी मारायचीच. या वर्षी तो दिवस नेमका काल उगवला, ती ताईकडे मुक्कामाला आलेली असताना. आणि आज सकाळी दोन स्टेशनं पलीकडच्या शाळेत तिचा कार्यक्रम होता.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून घसा पाहिला.

"तीन दिवस बोलायचं नाही," ते म्हणाले. "कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्याने जास्त त्रास होतो."

बारकीने मोबाइलवर टाइप करून बहिणीसमोर धरलं. कार्यक्रम रद्द करता येणार नव्हता. त्या शाळेच्या ग्रंथपाल बाई दोन वर्षं मुख्याध्यापकांच्या मागे लागल्या होत्या. मागे बाईंनीच बोलावलेल्या एका लेखकाने मुलांना तासभर शिस्तीवर भाषण दिलं होतं, निम्मी मुलं झोपली होती. तेव्हापासून मुख्याध्यापकांचं मत पक्कं झालं होतं, की लेखक बोलावणं म्हणजे तासिका फुकट घालवणं. ही शेवटची संधी, असं त्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं होतं. आज रद्द झालं की कायमचं रद्द.

ताईने वाचलं. बारकी तिच्याकडे बघत राहिली. ताई समजून चुकली.

"मी नाही हं," ताई म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय?"

बारकीने दोन्ही हात जोडले.

"मी स्टेशनवर बोलते बारके. काचेमागे बसून. समोर माणूस नसतं तेव्हा बोलते."

ताई रेल्वे स्टेशनवर उद्घोषक होती. गाडी कुठल्या फलाटावर येणार, किती उशिरा येणार, हे त्या मार्गावरच्या लोकांना वीस-बावीस वर्षं तिच्याच तोंडून कळत होतं. आज तिची सुट्टी होती. पडदे धुवायचा बेत होता तिचा.

पण तिच्या कुरकुरण्यामागे दुसरंही काही असावं, असं बारकीला वाटलं. कारण प्रत्येक शाळेत ती वाचून दाखवायची तो उतारा तिच्या तिसऱ्या कादंबरीतला होता. दोन बहिणींची गोष्ट. त्यातली थोरली धाकटीला टायरच्या ट्यूबवर बसवून तळ्यातल्या खडकापर्यंत नेते, खडकावर उतरवते आणि ट्यूब घेऊन निघून जाते. धाकटीला पोहता येत नसतं. ती हाका मारते, रडते, उन्हं कलतात, आणि शेवटी ती पाण्यात उडी घेते. हातपाय मारत काठाला लागते, एकटी, अनवाणी घरी जाते. मुलांना तो भाग फार आवडायचा. तो घडलेला होता, अगदी तसाच. पुस्तक आलं तेव्हा ताईने ते वाचलं होतं आणि म्हणाली होती, "छान आहे. कागदही चांगला वापरलाय." त्याउपर एक शब्द नाही, आणि त्या गोष्टीला आता कैक वर्षं झाली होती.

बारकीने पटापट कार्डांवर उत्तरं लिहून दिली. मुलं सगळीकडे तेच तेच विचारतात, हे तिला पाठ होतं. कल्पना कुठून सुचतात, एक पुस्तक लिहायला किती वेळ लागतो. आणि हमखास येणारा एक प्रश्न, थोरली मागे का वळली नाही. त्यावर बारकीचं एक ठरलेलं उत्तर होतं. "तुम्हाला काय वाटतं?" हे उत्तर कुठेही खपायचं. शिक्षक माना डोलवायचे. ताईने कार्डं चाळली, पर्समध्ये टाकली आणि चांगली साडी काढायला आत गेली.

सभागृहात खुर्च्यांचा खडखडाट चालू होता. ग्रंथपाल बाई दारातच उभ्या होत्या. काय झालंय ते कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी तो पटकन सावरला.

"होईल सगळं नीट," त्या म्हणाल्या. स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या.

मुख्याध्यापक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मागच्या रांगांमध्ये नववीची मुलं खुर्च्या मागच्या दोन पायांवर झुलवत होती. बाईंनी ओळख करून दिली ती कुणी ऐकली नाही. मग ताई माइकसमोर आली, तिने घसा साफ केला आणि म्हणाली,

"कृपया इकडे लक्ष द्या."

सभागृह एकदम गप्प झालं. खुर्च्यांचे पाय जमिनीला टेकले. मग मधूनच कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर स्टेशनवाली," आणि हशा पिकला. रोज सकाळी फलाटावर धावपळ करताना ऐकलेला आवाज हाडामांसाचा होऊन समोर उभा होता. एका मुलाने हात वर करून विचारलं, "सकाळची गाडी रोज उशिरा का येते?"

"कारण तू रोज उशिरा उठतोस, आणि ती तुझ्यासाठी थांबते," ताई म्हणाली.

बाजूला खुर्चीवर बसलेल्या बारकीने ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं. बाईंचा जीव भांड्यात पडला होता. मुख्याध्यापकांनी अजून हाताची घडी सोडली नव्हती.

ताईने पुस्तक उघडलं. पहिलं पान तिने गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं वाचलं, प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. दुसऱ्या पानावर तिचा आवाज हळूहळू खाली आला. तळ्याचं पाणी आलं, ट्यूब आली, खडक आला. मुलं पुढे वाकून बसली. बारकीने हा उतारा शेकडो वेळा वाचला असेल. पण आपलं लिखाण दुसऱ्याच्या आवाजात, आणि त्यातही या आवाजात, ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने हात मांडीखाली दाबून धरले.

ताईने वाचलं, "थोरलीने ट्यूब काठावर ओढली. ती झाडांमागे गेली."

आणि ती पुढच्या परिच्छेदाकडे वळली.

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर तेच पुस्तक, पानं मऊ पडलेली.

"तुम्ही एक वाक्य सोडलंत," ती म्हणाली.

ताईने पुस्तकात पाहिलं. पाहायची तशी गरज नव्हती.

"हो, सुटलं," ती म्हणाली आणि वाचलं, "थोरलीने मागे वळून पाहिलं नाही."

मग तिने उरलेला उतारा न अडखळता पूर्ण केला. टाळ्या पडल्या, चांगल्या कडकडून पडल्या. बारकी खाली मान घालून बसली होती.

प्रश्न सुरू झाले. ताई एकेक कार्ड काढून उत्तरं देत गेली, मध्ये पदरचंही घालत गेली. पुस्तकाला किती वेळ लागतो या प्रश्नाला, "लिहायला एक वर्ष, त्याबद्दल तक्रार करायला दोन," असं उत्तर तिने दिलं तेव्हा शिक्षकही हसले. मग चष्मेवाली मुलगी उभी राहिली.

"थोरली मागे का वळली नाही?"

ताईने कार्ड काढलं. वाचलं. बारकीकडे एकदा पाहिलं, आणि कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"थोरलीला पुढच्या वर्षी शिकायला बाहेरगावी पाठवणार होते," ती म्हणाली. "वसतिगृहात. धाकटीला ते अजून सांगितलं नव्हतं. धाकटी कशी, तर पाणी दिसलं की धावत सुटणारी. पोहता येत नाही आणि घाबरतही नाही. थोरली बरोबर असली की ट्यूबला लोंबकळायचं, शिकायचं नाव नाही. थोरलीला रात्री झोप लागायची नाही. आपण गेलो आणि ही एकटी तळ्यावर आली, तर?"

तिने माइक जरा जवळ ओढला.

"म्हणून ती झाडांमागे गेली. आणि पलीकडून, लव्हाळ्यातून, लगेच पाण्यात उतरली. गळ्यापर्यंत पाण्यात, खडकापासून हातभर अंतरावर म्हणा ना. धाकटीची पाठ होती तिकडे. ती काठाकडे बघून हाका मारत होती. थोरलीने दात आवळून धरले होते, कारण ओ दिली असती तर सगळं फुकट गेलं असतं. धाकटीने उडी मारली तेव्हा ती मागून निघाली. पाण्याखालून. धाकटीचा पाय जरा जरी खाली गेला असता ना, तर मी तिला..."

ताईच्या लक्षात आलं. सभागृहाच्याही लक्षात आलं. कुठल्या तरी रांगेतून कुणीतरी दबक्या आवाजात "आई गं" म्हणालं.

"तर मी तिला धरलं असतं," ताईने वाक्य पूर्ण केलं. "नाही धरावं लागलं."

बारकी ताठ बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला मध्ये बोलता येत नव्हतं. हे खरं नाही, हे ताईने आत्ता, इथे उभ्या उभ्या रचलंय, माझ्या वरताण गोष्ट सांगतेय, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं.

"उडी मारायच्या आधी तिने चपला काढल्या," ताई सांगत होती, आता तिचा आवाज अगदी घरातला झाला होता. "खडकावर शेजारी शेजारी ठेवल्या, पाण्याकडे तोंड करून. आणि त्यांना म्हणाली, 'थांबा हं इथेच, मी आलेच.'"

मुलं हसली. बारकी हसली नाही. हे पुस्तकात नव्हतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, चपलांशी बोलल्याचं काय सांगायचं? त्या दिवशी ती अनवाणी घरी गेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपला नेहमीसारख्या दाराशी होत्या. तिने पाय सरकवले होते आणि खेळायला पळाली होती. इतक्या वर्षांत तिला एकदाही प्रश्न पडला नव्हता, की त्या तिथे आल्या कशा. माणसं घडवून त्यांच्या मनात शिरायचा धंदा करणाऱ्या बाईला.

"मग हे पुस्तकात का नाही?" चष्मेवालीने विचारलं. तिच्या सुरात जाब होता.

"पुस्तक धाकटीच्या बाजूने आहे," ताई म्हणाली. "तिला जेवढं दिसलं तेवढं तिने खरं खरं लिहिलं. आणि चांगलं लिहिलं. मी तर आवंढे गिळत वाचलं."

टाळ्या सुरू झाल्या. आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्यातून, मग मागच्या रांगा उभ्या राहिल्या आणि थांबेचनात. बारकीला इतक्या वर्षांत असल्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, आणि आपल्या नाहीत म्हणून तिला तसूभरही वाईट वाटलं नाही. ती उठली, माइकपाशी गेली आणि भर सभेत बहिणीच्या दंडाला जोरात चिमटा काढला. मग तिथेच, तो दंड घट्ट धरून उभी राहिली. मुख्याध्यापकांनी शेजारच्या शिक्षकांच्या हातून पुस्तक घेतलं होतं आणि ते पान शोधत होते.

नंतर सह्यांसाठी रांग लागली ती दाराबाहेर गेली. ग्रंथपाल बाई रांग सरळ करत फिरत होत्या, त्यांचं हसू काही आवरत नव्हतं. चष्मेवाली सगळ्यांच्या पुढे होती. तिने पुस्तक बारकीपुढून सरकवून ताईपुढे ठेवलं.

"आधी तुमची."

"मी काय लिहिलंय? हे सगळं हिचं," ताई म्हणाली.

"पण तुम्ही आहात ना यात."

ताईने पेन हातात घेतलं. मग तिने पहिलं पान सोडून दिलं, पानं उलटत खडकापर्यंत आली. थोरलीने मागे वळून पाहिलं नाही, या वाक्यावर बोट ठेवलं, आणि शेजारच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, "पाहिलं होतं."

बारकीने ते वाचलं. तिने पुस्तक आपल्याकडे ओढलं. नेहमीची, पूर्ण नावाची, लफ्फेदार सही तिने त्या दोन शब्दांच्या खाली केली. मागच्या मुलाने ते पाहिलं आणि आपलं पुस्तक त्याच पानावर उघडून धरलं. मग सगळ्यांनीच.

रांग अर्धी सरली तेव्हा मुख्याध्यापक टेबलापाशी आले. त्यांनी ग्रंथपाल बाईंकडे पाहून मान हलवली, मग बहिणींकडे वळले.

"पुढच्या वर्षी आठवीलाही बसवू या," ते म्हणाले. "दोघी याल ना?"

बारकीने सवयीने तोंड उघडलं.

"हिचं काही सांगता येत नाही," ताई लिहिता लिहिता म्हणाली. "मी येईन."

बारकीने टेबलाखालून बहिणीच्या पावलावर पाऊल ठेवलं आणि दाबलं. ताईने पाय काढून घेतला नाही. लिहून झालेलं पुस्तक तिने धाकटीपुढे सरकवलं आणि पुढच्या मुलासाठी हात पुढे केला.